दोन जड ई-बाइक गाडीमागे नेण्यासाठी हिच रॅक कसा निवडावा?

नाशिकहून इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरकडे प्रत्येकी 25 किलोच्या दोन ई-बाइक न्यायच्या असतील, तर सर्वप्रथम गाडीच्या व हिचच्या (ट्रेलर वगैरे ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या जोडाच्या) माहितीपुस्तिकेत हिचवरील उभ्या, म्हणजे खाली दाबणाऱ्या, भाराची मर्यादा पाहावी. ओढण्याची क्षमता हा वेगळा आकडा असतो आणि गल्लत बहुधा तिथेच होते. सायकलींचे 50 किलो आणि रॅकचे स्वतःचे 20 ते 25 किलो धरले, तर भार 75 किलोपर्यंत जातो, शिवाय मागची सायकल हिचपासून जितकी लांब, तितका तिचा ताण वाढतो. म्हणून चाके तळाशी टेकवणारा, प्रत्येक सायकलीमागे किमान 30 किलोची क्षमता असलेला प्लॅटफॉर्म रॅकच घ्यावा. फ्रेमला टांगणारा रॅक, तो कितीही स्वस्त मिळाला तरी, या वजनाला माझ्या मते अयोग्य आहे. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्यास प्रत्येकी साधारण 3 किलो कमी होतात. चढवण्यासाठी रॅम्प असावा, टायरची रुंदी खाचेत बसावी आणि हिचमधील हलणे थांबवणारी पकड असावी, कारण घाटातील वळणांवर सैल रॅक फार डोलतो. नंबरप्लेट व मागचे दिवे झाकले जात असतील, तर दिव्यांची पट्टी आणि प्लेटची जागा असलेलाच रॅक निवडावा.