केराटिन कमी नाही, बिघडलेलं आहे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाच्याला जन्मापासून जरा घासलं की फोड येतात, डॉक्टरांनी एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स सांगितलंय, जीनच्या रिपोर्टात केराटिन १४ या प्रथिनाच्या जीनमध्ये बदल आलाय. घरचे म्हणतात, शाम्पूच्या बाटलीवर असतं तेच ना हे, मग पावडर देऊन भरून काढू. आणि आईवडिलांपैकी कुणालाच त्रास नाही, तर हे आलं कुठून?

पावडरचं आधी मिटवते. काही उपयोग नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात पचून त्याचे तुकडे होतात, हे तर आहेच. पण मुळात बाळाला बहुधा केराटिनची कमतरताच नाही. माणसाच्या शरीरात पन्नासच्या वर प्रकारची केराटिनं असतात. केसांतली वेगळी, नखांतली वेगळी. १४ नंबरचं असतं कातडीच्या वरच्या थरातल्या अगदी तळच्या पेशींत. ते एकटं काही करत नाही, केराटिन ५ शी जोडी जमवतं. अशा जोड्या एकमेकींना बिलगून लांब तंतू होतात आणि त्या तंतूंच्या जाळ्यावर पेशी घासणं-ताणणं सोसते. दोर वळताना चांगल्या पेडांत कुजके पेड मिसळले तर दोर अर्ध्या ताकदीचा होत नाही, तो तुटतोच. या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बाळाच्या बहुधा एका प्रतीतून चांगलं केराटिन बनतंय, दुसरीतून बिघडलेलं, आणि दोन्ही एकाच दोरात वळली जाताहेत.

हे कळलं कसं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण इथे सगळा उलटा प्रवास झाला. एरवी संशोधक रोगी कुटुंबं गोळा करतात आणि जीन हुडकत जातात. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या इलेन फ्यूक्स यांनी सुरुवात केली ती प्रथिनापासून. 1982 मध्ये त्यांनी आणि इस्रायल हनुकोग्लू यांनी माणसाच्या त्वचेतल्या एका केराटिनमधल्या अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या मण्यांचा) क्रम मांडला. मग फ्यूक्स यांच्या प्रयोगशाळेत टोक कापलेल्या केराटिन १४ ची जीन पेशींत घातली. जाळं विस्कटलं, पण प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या त्या पेशी तशाच जगत राहिल्या. साहजिक आहे, बशीत त्यांना घासतंय कोण? म्हणून त्याच बिघडलेल्या केराटिनची जीन उंदरांत घातली. पिल्लांच्या अंगावर फोड आले. त्यांच्या कातडीचे छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तळच्या पेशी मधूनच फाटलेल्या. हे चित्र माणसाच्या कोणत्या रोगाशी जुळतं ते ताडून पाहिलं आणि उत्तर आलं तुमच्या भाच्याचाच आजार. हे 1991 सालचं. त्याच वर्षी त्यांनी तीव्र प्रकारच्या दोन रुग्णांचे जीन तपासले. घरात आधी कुणालाच नसलेले दोघे, आणि दोघांतही बदल नेमका १२५ व्या जागेवरच्या आर्जिनिन या अमिनो आम्लात. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या पियेर कुलोम यांनी ते सदोष केराटिन परीक्षानळीत केराटिन ५ बरोबर जुळवून पाहिलं, तर तंतू नीट वळले गेले नाहीत. त्याच सुमारास अर्विन एप्स्टीन यांचा गट नेहमीच्या वाटेने, रुग्ण कुटुंबांकडून, त्याच जीनपाशी पोचला होता. मला मात्र फ्यूक्स यांची वाट जास्त आवडते. जीन सापडली एवढ्यावर न थांबता ती प्रथिनाचं नक्की काय करते, हे त्यांनी आधी दाखवलं होतं.

"कमी" आणि "बिघडलेलं" यांतला फरक का महत्त्वाचा, ते 1994 मध्ये आणखी स्पष्ट झालं. काही रुग्णांत केराटिन १४ बनतच नव्हतं, जीनच्या दोन्ही प्रती निकामी. त्यांना फोड येत होते. पण त्यांच्या आईवडिलांत एक प्रत निकामी आणि एक चांगली, तरी ते ठणठणीत. म्हणजे निम्म्या केराटिनवर कातडी चालते. निम्मं खराब मिसळलं तर चालत नाही.

या आजारावरचं औषध म्हणून व्हॉट्सॲपवर जे जेल फिरतंय, त्याचंही यात उत्तर आहे. 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ते जेल कोलॅजेन ७ (कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारं प्रथिन) याची चांगली जीन जखमेपर्यंत पोचवतं. ते या आजाराच्या डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी आहे, तिथे मुख्य अडचण कोलॅजेन नसण्याची. तुमच्याकडे चांगलं केराटिन बहुधा आधीच बनतंय, खराब बनणं थांबवायला हवं. ते काम वेगळं आणि अवघड. त्यामुळे जेलसाठी कुणाला पैसे पाठवू नका.

आता "जीन कळली, मग बायॉप्सी (कातडीचा तुकडा काढून तपासणं) कशाला?" हा प्रश्न. त्वचेच्या लॅबमध्ये माझी नोकरी झाली म्हणून सांगते, ती वाया जात नाही. बदल नवाच असेल तर तो खरंच दोषी की निरुपद्रवी, हे कागदावरून दरवेळी ठरत नाही. कातडी नेमकी कुठे फाटते ते बघावं लागतं. जुना फोड चालत नाही. फोड नसलेल्या जागी साधं खोडरबर टेकवून हलकेच फिरवतात, कातडीच्या थरांत ताजी फट पाडतात आणि तिच्या कडेचा तुकडा घेतात. तो फॉर्मालिनमध्ये टाकला तर ही चाचणी गेली, त्याला खास द्राव लागतो, म्हणून बाटली आधी लॅबकडून मागवा. मग कोलॅजेन ४ ला (वरच्या थराखालच्या पातळ पडद्यातलं प्रथिन) चिकटणारं चमकतं अँटिबॉडी लावतात. चमक फोडाच्या तळाशी दिसली तर फाट त्या पडद्याच्या वर आहे, छताला दिसली तर खाली, म्हणजे डिस्ट्रॉफिक. तळाशी दिसली तर सिम्प्लेक्स की जंक्शनल (थरांच्या सांध्यातच फाटणारा प्रकार), हे ठरवायला आणखी अँटिबॉडी लावतात.

घरात सांगा की हे संसर्गाने पसरत नाही. फोड घोळक्याने आले की शेजारीपाजारी नागीण म्हणून मंतरायला सांगतील, तेही नको. बाळाला काखेत हात घालून उचलू नका, पाठीखाली आणि ढुंगणाखाली हात देऊन उचला. चिकटपट्टी कातडीला लावायची नाही. मोठा फोड निर्जंतुक सुईने कसा फोडायचा आणि वरची साल का ठेवायची, ते नर्सकडून हाताने शिकून घ्या. उकाड्यात फोड वाढतात, उन्हाळा सांभाळा. तीव्र प्रकारही बऱ्याच मुलांत वयाबरोबर सौम्य होत जातो.

आईवडिलांचं म्हणाल तर बहुधा बदल बाळातच नव्याने झालाय, मग पुढच्या मुलाला धोका अगदी कमी, शून्य मात्र नाही. पण तुमच्या बहिणीचं लग्न आतेभावाशी झालंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून दोघांकडून जीनची एकेक निकामी प्रत आली नाही ना, हे बघायलाच हवं. तसं असेल तर धोका दरवेळी चारात एक. दोघांचं रक्त तपासून घ्या, आणि रिपोर्टात बदल एका प्रतीत आहे की दोन्ही, तो तक्ता नाव-नंबर झाकून इथे टाका. पाहून सांगते.