‘सर पील’ नव्हे, ‘सर रॉबर्ट’

प्रश्न असा: मराठीत ‘लॉर्ड पील’, ‘सर पील’ आणि ‘सर रॉबर्ट’ अशी तिन्ही रूपं वाचायला मिळतात, हे ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील तर बॅरोनेट होते, मग बरोबर काय?

‘लॉर्ड’ साफ चूक. बॅरोनेटला ‘सर’ वंशपरंपरेने मिळतं, पण तो उमराव, म्हणजे लॉर्ड, नसतो. म्हणूनच ड्रेटनचे हे बडे जमीनदार दोनदा पंतप्रधान होऊनही १८५० मध्ये मरेपर्यंत टॅमवर्थचे प्रतिनिधी म्हणून संसदेच्या निवडून आलेल्यांच्या सभागृहात, कॉमन्समध्येच बसले, आणि १८४६ साली स्वतःच्याच वर्गाचा रोष पत्करून त्यांनी परदेशी धान्यावर कर लावून जमीनदारांचं भलं करणारे धान्य कायदे रद्द करवले.

‘सर पील’ मात्र कानाला सारखं टोचतं. ही चूक आपल्या ‘जोशी सरां’मुळे होते. शाळेतले ‘सर’ आडनावाच्या मागून येतात. किताबातला ‘सर’ पाळण्यातल्या नावाआधी लागतो. मुंबईकरांना तरी हे सांगावं लागू नये. कला महाविद्यालयाच्या नावात ‘सर ज. जी.’, म्हणजे सर जमशेटजी जीजीभाय, आहे, नुसतं ‘सर जीजीभाय’ नाही. ते जमशेटजीही १८५७ साली बॅरोनेट झाले.

आता व्युत्पत्ती. हा ‘सर’ म्हणजे सरदार, सरनोबत यांतलाच फारसी ‘सर’, असं काही जाणकार अजून ठासून सांगतात. नाद जुळला की नातं जोडायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत! फारसी ‘सर’ म्हणजे डोकं, आपल्या ‘शिर’चा भाऊबंद. इंग्रजी ‘सर’ आला लॅटिन ‘सेनिओर’वरून, फ्रेंचच्या वाटेने. सेनिओर म्हणजे वयाने मोठा. त्याच मुळाचा संस्कृत शब्द ‘सन’, म्हणजे जुना, आपल्या ‘सनातन’मधला. कुठे सनातन, कुठे सर, आणि रक्त एकच!

म्हणजे ‘सर रॉबर्ट’ हे मुळात ‘थोरले रॉबर्ट’. आपण ‘थोरले बाजीराव’ म्हणतो. त्यांचं आडनाव भट, पण ‘थोरले भट’ कोणी म्हणतं का? माझं पक्कं मत आहे की थोरपण माणसाच्या स्वतःच्या नावालाच चिकटतं, कारण आडनाव साऱ्या घराचं असतं. पील घराण्यात तर १८०० साली वडिलांना मिळालेला किताब थोरल्या मुलाकडे आला, त्याच्याकडून त्याच्या थोरल्याकडे गेला, आणि तिघेही रॉबर्टच. लंडनच्या लोकांनी यातल्या मधल्या रॉबर्टनी १८२९ साली उभ्या केलेल्या पोलिसांना आधी ‘पीलर’ही म्हणून पाहिलं, पण त्यांच्या तोंडी रुळला तो रॉबर्टवरून आलेला ‘बॉबी’.