फुलं गळतात, टमाटर धरत नाही

प्रश्न : पिवळ्या आणि जांभळ्या टमाटरचं देशी बी फेब्रुवारीत कुंडीत पेरलं. झाडं छातीएवढी झाली, फुलंही लागली, पण एप्रिलमध्ये सगळी गळली. बी खराब होतं का? (वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बी चांगलं आहे, वेळ चुकली. दिवसाचा पारा 35 अंशांपुढे गेला आणि रात्रही तापलेलीच राहिली की पराग निकामी होतात, फूल देठाच्या गाठीतून सुटतं. आपल्या एप्रिलमध्ये दुसरं काय होणार!

पोळ्याच्या सुमारास पेरा. माती आणि चाळलेलं शेणखत निम्मं-निम्मं, बी अर्धा सेंटिमीटर खोल. पाणी शिंपडूनच द्या. चिखल झाला की रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडतं. 25-30 दिवसांनी रोप मोठ्या कुंडीत लावा, खोड पहिल्या पानांपर्यंत पुरा, काठी तेव्हाच रोवा. फळाचं बूड काळं पडलं तर फवारणीच्या मागे लागू नका. कधी कोरडं, कधी तुडुंब, अशा पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

पुढच्या वर्षीसाठी पिकल्या फळाचं बी गरासकट वाटीत 2-3 दिवस आंबवा, धुवा, ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतं. संकरित वाणाचं बी मात्र ठेवू नका, फळ तसंच येत नाही.

पिवळी भेदरं (टमाटर) निखाऱ्यावर भाजून लसूण, हिरवी मिरची, मीठ, सांबार (कोथिंबीर) घालून ठेचा. जांभळा रंग बहुतेक सालीतच असतो. भाजून सोललं की गेला. जांभळी न भाजताच चिरा.