'एक्स्ट्रा' म्हणजे जास्तीचे नव्हे

त्वचेवरून काढलेल्या एका लहान लाल गाठीच्या अहवालात निदान आहे 'पायोजेनिक ग्रॅन्युलोमा', आणि खाली नोंद आहे, सूक्ष्मदर्शकाखाली 'एक्स्ट्रामेड्युलरी हिमॅटोपोएसिस' आढळले. त्याला मराठीत 'अतिरिक्त रक्तनिर्मिती' म्हणावे का, असे विचारले आहे.

म्हणू नये. 'एक्स्ट्रा' आपण 'जास्तीचा' याच अर्थी वापरतो, पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'बाहेर'. मेड्युला म्हणजे मज्जा. जन्मापूर्वी यकृत आणि प्लीहासुद्धा रक्तपेशी घडवतात; पुढे हे काम हाडांतल्या मज्जेकडे येते. तशी घडण मज्जेबाहेर, या गाठीत दिसली, एवढेच हा शब्द सांगतो. प्रमाणाबद्दल तो काहीच बोलत नाही.

मग 'मज्जाबाह्य'? इथे मराठीतच एक खाच आहे. मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था या शब्दांमुळे 'मज्जा' म्हटले की वाचकाचे मन चेतासंस्थेकडे वळते. म्हणून 'अस्थिमज्जाबाह्य' असे पूर्ण लिहावे. 'रक्तनिर्मिती'ही मला सैल वाटते, कारण रक्तातला द्रव भाग मज्जेत तयार होत नाही, पेशी होतात. तेव्हा 'रक्तपेशीनिर्मिती'. (पोएसिस म्हणजे घडवणे, इंग्रजीतला 'पोएट' त्याच ग्रीक मुळाचा. मला ही सोयरीक फार आवडते.)

निदानाच्या नावाचे शब्दशः भाषांतर तर मुळीच करू नये. पायोजेनिक म्हणजे पू उत्पन्न करणारा, पण ही गाठ पुवाची नाही. आणि विकृतिशास्त्राच्या अर्थाने ती ग्रॅन्युलोमाही (दाहात जमलेल्या संरक्षक पेशींचा पुंजका) नाही. 1897 मध्ये तिचे वर्णन झाले तेव्हा ती बुरशीमुळे होते असा समज होता. आजचे नाव 1904 पासून चिकटले. खरी ती केशवाहिन्यांच्या पुंजक्यांची सौम्य वाढ. चटकन रक्त येते, म्हणून लोक घाबरतात. 'पूयजनक कणार्बुद' केले तर जुनी चूक मराठीतही रुजेल. त्यापेक्षा 'खंडमय केशवाहिनी-अर्बुद' बरे; मात्र अर्बुद म्हणजे कर्करोगच असे अनेकांना वाटते, म्हणून आधी 'सौम्य' लावावेच.

रक्तपेशी घडत असलेल्या अशा गाठीत बिंबाणूंची (प्लेटलेटची) जनक पेशी, मेगाकॅरिओसाइट, दिसू शकते. ती आकाराने मोठी, केंद्रक वेडेवाकडे. अनपेक्षित जागी भेटली तर कर्कपेशीचा भास होऊ शकतो. म्हणूनच ही नोंद नेमक्या शब्दांत हवी. मी असे लिहीन : 'त्वचेचे सौम्य खंडमय केशवाहिनी-अर्बुद, त्यात अस्थिमज्जाबाह्य रक्तपेशीनिर्मिती आढळली.'