कमावती होते तोवर मी घरची होते

"पैसा होता तोवर मी सगळ्यांची होते. घरच्यांनी तर सोडलंच, आता देवानंही सोडलं असेल का?"

हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत येतो. धंदा बुडाल्यावर भावांनी बोलणं टाकलेला माणूस तो विचारतो, नवऱ्यानं सोडल्यावर माहेरीही जागा न मिळालेली बाई विचारते, ख्रिस्तावर विश्वास ठेवला म्हणून घराबाहेर पडावं लागलेला तरुण विचारतो. नात्यानं नाकारल्याचं दुःख आणि पैशाची तंगी एकाच वेळी आली की दोन्हींचा गुंता होतो. त्यात माणूस श्रद्धेचा असला, तर 'माझाच विश्वास कमी पडला' ही तिसरी गाठही पडते. मग तो तिन्हींवर एकच उपाय शोधायला लागतो. बहुतेक वेळा तो उपाय पैसा असतो. पैसे आले की घरचे परत येतील, आणि घरचे परत आले की देव प्रसन्न आहे हे कळेल.

अशाच एका बाईंची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. भावंडांत त्या सर्वांत मोठ्या, म्हणून इथे त्यांना थोरली म्हणते.

वडील गेले तेव्हा थोरलीनं शिक्षण अर्धवट टाकून नोकरी धरली. धाकट्या दोघांचं शिक्षण तिच्या पगारावर झालं. स्वतःच्या लग्नाचा विषय 'यांचं मार्गी लागू दे' म्हणत मागे पडत गेला. एका भावाला घर घ्यायचं होतं, त्याला कर्ज मिळेना, म्हणून तिनं स्वतःच्या नावावर काढलं. हप्ता तो भरेल असं ठरलं होतं. अर्थात तोंडीच. काही वर्षांनी तिची नोकरी गेली आणि नेमके त्याच सुमारास त्याचे हप्तेही थांबले. तिनं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "कर्ज तुझ्या नावावर आहे." शब्दानं शब्द वाढला. आईनं भावाची बाजू घेतली. घरच्या व्हॉट्सॲप गटातून तिला काढलं गेलं. एका नातेवाइकानं तर निरोप धाडला की घरात भांडण लावणाऱ्या माणसावर देवाचा आशीर्वाद राहत नाही.

ऐकताना मला सर्वांत जास्त खटकलं ते पुढचं. इतकं झाल्यावरही ती दर महिन्याला आईला पैसे पाठवतच होती. कुठून? मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपमधून. एकाचं फेडायला दुसरं, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. आणि त्याच उसन्या पैशातून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दशांशही (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देत होती.

अशा वेळी मी आधी झोप, जेवण आणि जिवाबद्दल विचारते. "जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" अगदी याच शब्दांत. विचारल्यानं हा विचार माणसाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी सरळ विचारलं याचा बहुतेकांना सुटकारा वाटतो. थोरली म्हणाली, "मरावं असं नाही, पण सकाळी जाग येऊ नये असं वाटतं." हेही गंभीरच असतं. तिला डॉक्टरकडे पाठवलं, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा ते ठरवलं. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून "परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. प्रश्न विचारले गेले ते त्यानंतर, डोंगरावर. दुःखी माणसाला भेटायला जाताना आम्हा ख्रिस्ती लोकांना हा क्रम का आठवत नाही, मला कळत नाही.

कारण थोरलीला बायबलची वचनं भरपूर मिळाली होती. आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील, हे सत्ताविसाव्या स्तोत्रातलं वचन तिला इतक्या जणांनी पाठवलं होतं की ते दिसलं की तिला राग यायचा आणि राग आला की अपराधी वाटायचं. मी तिला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला दिलं. तिनं ते पूर्वी कधी नीट वाचलंच नव्हतं. उपासनेतही ते क्वचितच वाचलं जातं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. माझ्या जवळच्यांना तू माझ्यापासून दूर केलंस असं गाऱ्हाणं घालत ते अंधारातच संपतं. आशेचा शब्द आहे तो फक्त सुरुवातीला, देवाला 'माझ्या उद्धाराच्या देवा' म्हणून हाक मारली आहे तेवढाच. पुढचं सगळं गाऱ्हाणं त्या हाकेच्या जोरावर चालतं.

ती म्हणाली, "हे असंही चालतं?"

चालतं. शास्त्रात आहे म्हणजे चालतं.

पुढच्या काही भेटींत ती पुष्कळ बोलली, रडली, भावाला शिव्याही घातल्या. मी घाई केली नाही. क्षमेचा विषय तिनंच काढला. मी एवढंच म्हटलं की क्षमा करणं आणि हप्ते स्वतः भरत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा केली म्हणून व्यवहाराचं बोलायचं नाही असा नियम मला तरी शास्त्रात सापडलेला नाही.

खरं वळण आलं उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर. येशूनं सांगितलेली ही गोष्ट: धाकटा मुलगा वाट्याची मालमत्ता घेऊन जातो, ती उधळून कंगाल होऊन परत येतो आणि बाप त्याला जवळ घेतो, घरीच राबलेला थोरला मात्र रुसतो. तिच्या मंडळीतल्या कुणीतरी तिला तो वाचून 'नम्र होऊन घरी जा' असा सल्ला दिला होता. तिनं चिडून विचारलं, "मी काय उधळलं हो? मी तर राबले."

मग आम्ही लूकचा पंधरावा अध्याय तिच्या जागेवरून वाचला, म्हणजे थोरल्याच्या बाजूनं. थोरला मुलगा बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतो आहे आणि मला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत. ती बराच वेळ त्याच ओळीवर थांबली. "हे मीच बोलतेय," म्हणाली.

मी तिला धाकट्याची तयारी पाहायला सांगितली. डुकरं राखताना तो घरी गेल्यावर काय बोलायचं ते घोकतो: मी पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोहोचल्यावर पहिली दोन वाक्यं तो म्हणतो. मोलकऱ्याचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, त्याआधीच बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. थोरला धाकट्याला पाण्यात पाहणारा, पण हिशेब दोघांचा एकच. घरातली जागा राबून मिळते. धाकटा पुढे राबून ती मिळवायला निघालेला, थोरला राबूनही ती मिळाली नाही म्हणून अंगणात फुगून बसलेला. आणि बाप दोघांसाठी घराबाहेर येतो. थोरल्याला तो 'बाळा' म्हणतो, तू तर नेहमी माझ्याजवळच आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. चाकरीचा हिशेब चुकला की बरोबर होता, याची चर्चासुद्धा तो करत नाही.

"पण माझी आई अशी बाहेर आली नाही," थोरली म्हणाली.

नाही आली. दाखल्यातला बाप म्हणजे तिची आई नव्हे, हे स्पष्ट बोलणं गरजेचं होतं. घरचे कसे वागतील याची हमी हा दाखला देत नाही. देव कसा आहे, ते सांगतो. वर्षानुवर्षं घरातली तिची जागा पगारावर ठरत आली होती, म्हणून देवाकडेही तसंच असणार असं तिनं धरलं होतं. पगार थांबला तेव्हा देवाकडची जागाही गेली असं तिला वाटलं, म्हणूनच कर्ज काढून दशांश चालू होता. तो हप्ताच होता, देवाला भरलेला.

दशांशाबद्दल मी तिला दोन जागा दाखवल्या. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवून लेवी (जमिनीचा वाटा नसलेले उपासनेचे सेवक), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा असं सांगितलं आहे. म्हणजे आजच्या घडीला ती देणाऱ्यांच्या रांगेत नसून घेणाऱ्यांच्या रांगेत होती. आणि 2 करिंथ 8 मध्ये प्रेषित पौल लिहितो की दान मान्य होतं ते माणसाजवळ जे आहे त्या मानानं, जे नाही त्या मानानं नव्हे. इतरांना आराम आणि तुम्हाला ओझं असं व्हावं हा हेतू नाही. हे वाक्य आईला पाठवायच्या पैशांनाही लागू पडतं, हे तिचं तिलाच उमगलं.

मग पैशाचं काम. याला मी आध्यात्मिक कामच मानते, आणि त्यासाठी 2 राजे 4 मधली विधवा माझ्या फार उपयोगी पडते. नवरा वारलेला, सावकार दोन्ही मुलांना गुलाम करून न्यायला आलेला. ती संदेष्टा अलीशाकडे आक्रोश करते आणि तो विचारतो, "तुझ्या घरात काय आहे?" ती म्हणते काहीच नाही, थोड्या तेलाशिवाय. आधी 'काहीच नाही' आणि मग 'तेलाशिवाय', कर्जात बुडालेली माणसं अशीच बोलतात. पुढे तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावी लागतात, तीही थोडीथोडकी नाहीत. म्हणजे घरोघर जाऊन आपली अडचण उघडी करावी लागते. चमत्कार झाल्यावरही कर्ज हवेत विरत नाही. तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा, असं तिला सांगितलं जातं.

थोरलीला मी घरात काय आहे ते कागदावर लिहायला लावलं. कुणाचं किती देणं, व्याज किती, हप्ता कधी, कागद कुणाच्या नावावर, शिल्लक काय, येणं कुणाकडून. पहिल्यांदा तो कागद कोराच आला. आकडे बघण्याचीच भीती असते, त्यामुळे आम्ही समोरासमोर बसून लिहिला. नवं कर्ज काढून जुनं फेडणं त्या दिवसापासून बंद झालं. ॲपची कर्जं सर्वांत महाग, म्हणून फेडायची ती आधी. मोठं कर्ज देणाऱ्या बँकेला फोन टाळण्याऐवजी स्वतः जाऊन परिस्थिती सांगायची आणि हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा अर्ज द्यायचा. धमकीचा प्रत्येक फोन तारखेसह लिहून ठेवायचा. भावाशी तोंडी बोलणं बंद, त्याच्या वाट्याचं जे आहे ते लेखी मागायचं आणि त्याआधी वकिलाला कागद दाखवायचे.

'शेजाऱ्यांची भांडी' हा भाग तिला सर्वांत जड गेला. मंडळीत तिला सगळे देणारी म्हणून ओळखत. तिनं दोघींना सांगितलं, पाळकांना नाही. ते मला ठीक वाटलं, कारण कुणाला सांगायचं हे निवडण्याचा हक्क तिचा आहे. त्यातल्या एकीनं तिला अर्धवेळ हिशेबाचं काम मिळवून दिलं. दुसरीनं एका महिन्याचं भाडं भरलं आणि 'प्रार्थना करते' हे त्यानंतर म्हणाली. उघड्या, उपाशी भावाबहिणीला 'सुखानं जा, ऊब घे, तृप्त हो' म्हणून रिकाम्या हातानं पाठवण्याचा काय उपयोग, हे याकोबाच्या पत्रातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. दुसरीनं ते अमलात आणलं.

मार्क 10 मध्ये येशूसाठी घरदार, भाऊबहिणी सोडणाऱ्याला याच काळात शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया मिळतील असं वचन आहे. त्याच यादीत 'छळणुकीसह' असंही लिहिलेलं आहे, ते वाचताना बहुतेकजण गाळतात. ही शंभरपट नाती आभाळातून पडत नाहीत, ती या दोघींसारखीच येतात. येशूचं स्वतःचं घरही सुरळीत नव्हतं. त्याला वेड लागलं आहे असं समजून त्याचे आप्त त्याला धरायला आले होते, आणि योहान लिहितो की त्याचे भाऊसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. वधस्तंभावरून त्यानं आईला एका शिष्याच्या हवाली केलं. पुनरुत्थानानंतर त्याचे भाऊ प्रार्थना करणाऱ्यांत दिसतात हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे, पण थोरलीला मी ते आश्वासन म्हणून दिलं नाही. तिचे भाऊ येतील की नाही मला माहीत नाही, आणि ख्रिस्ती आशा त्यांच्या येण्यावर उभी नाही. ती उठलेल्या ख्रिस्तावर उभी आहे. म्हणून भाऊ आले नाहीत तरी ती खोटी ठरत नाही.

आता काय परिस्थिती आहे? ॲपची कर्जं फिटली. मोठ्या कर्जाचा हप्ता कमी झाला, मुदत लांबली. भावानं लेखी पत्राला उत्तर दिलेलं नाही. आई अधूनमधून चोरून फोन करते आणि दर वेळी पैशाचा विषय काढते. थोरली आता 'या महिन्यात जमणार नाही' एवढंच म्हणते, कारणं देत नाही. फोन ठेवल्यावर तिचे हात अजून थरथरतात. गटात तिला कुणी परत घेतलेलं नाही.

मागच्या वेळी तिनं विचारलं, "भावासाठी प्रार्थना करायला तोंड उघडत नाही. हे पाप आहे का?" मी म्हटलं, सध्या कुणी दुसरं करू शकेल का ते बघा. भाडं भरणारी ती बाई आता रोज करते. थोरली शेजारी बसते, आणि शेवटी 'आमेन' म्हणायचं की नाही ते त्या दिवशी ठरवते.