सेशेल्ससारखा छोटा द्वीपदेश जागतिक पर्यावरणाचे प्रश्न आपल्या विकास आराखड्यात प्रत्यक्षात कसे बसवतो?

तुम्ही विचारले आहे की हवामान, जैवविविधता वगैरे आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केल्यानंतर लाखभर वस्तीच्या देशात त्यांचे पुढे होते काय. माझे उत्तर असे: विषय पर्यावरण खात्याच्या अहवालातून उठून वित्त खात्याच्या फायलीत गेला तर काहीतरी होते, नाहीतर काहीच होत नाही. हिंदी महासागरातल्या सेशेल्सचे उदाहरण घेतो, कारण तिथे दोन्ही गोष्टी दिसतात.

जमीन सुमारे 455 चौ. किमी, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यापेक्षा किंचित जास्त. हक्काचा समुद्र मात्र साधारण 13.5 लाख चौ. किमी. माहे या मुख्य बेटाचा मधला भाग डोंगराळ असल्यामुळे वस्ती, रस्ते, बंदर सारे किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत दाटले आहे. विमानतळ तर समुद्रात भराव घालून बांधलेला. पैसा येतो पर्यटनातून आणि टूना माशातून. 1998 मध्ये समुद्राचे पाणी तापले आणि माहेच्या आसपासच्या बेटांभोवतीचे बहुतांश जिवंत प्रवाळ मेले. त्यामुळे इथे ‘पर्यावरण की विकास’ हा वाद मुळातच लागू पडत नाही.

कागदांची कमतरता तिथे कधीच नव्हती. 1990 पासून दहा-दहा वर्षांचे दोन पर्यावरण आराखडे झाले, मग 2012 ते 2020 चे शाश्वत विकास धोरण आले. अशा देशांत अडचण वेगळीच असते. हवामान, जैवविविधता आणि जमिनीचा ऱ्हास या तिन्ही करारांचे अहवाल तीच मोजकी माणसे लिहितात. प्रत्येक कराराचे वेळापत्रक वेगळे, तक्ते वेगळे, सल्लागारही वेगळा. प्रकल्पाचा निधी संपला की सल्लागार जातो आणि माहिती त्याच्या लॅपटॉपसोबत जाते. म्हणून पहिले काम म्हणजे एकच माहितीसाठा आणि त्यावर कायम पगारी माणूस. हे काम दिसायला कंटाळवाणे आहे, पण याविना पुढचे काही उभे राहत नाही.

दुसरे काम प्रकल्पाच्या अर्जात. पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन बहुतेक वेळा जागा ठरल्यावर, आराखडे तयार झाल्यावर होते. तोवर ‘नको’ म्हणायला कुणी धजत नाही. प्रश्न त्याआधी, वित्त खात्याकडे पैसे मागतानाच विचारले पाहिजेत: बांधकामाचे आयुष्य किती वर्षांचे? त्या मुदतीत समुद्र किती चढेल असे धरले आहे? (2100 पर्यंतचा जागतिक अंदाज, उत्सर्जनानुसार, 0.28 ते 1.01 मीटर असा आहे. पन्नास वर्षांच्या बंदराच्या धक्क्याला आणि दहा वर्षांच्या शेडला एकच आकडा लावून चालत नाही.) भरावामुळे ओहोळांचे पाणी कुठे तुंबेल? आणि देखभालीचा खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्यात) पडेल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर अर्ज परत पाठवावा. देणगीतून बांधलेल्या संरक्षक भिंती पडतात त्या बहुधा दुरुस्तीची तरतूद नसल्यामुळे.

आता सेशेल्सने खरोखर करून दाखवलेली गोष्ट. 2008 मध्ये देशाचे परकीय कर्जाचे हप्ते थकले होते. पुढे 2016 मध्ये पॅरिस क्लबच्या (कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाच्या) देशांचे 2.16 कोटी डॉलरचे कर्ज ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या मदतीने सोडवण्यात आले. त्यासाठी संस्थेने पैसे उभे केले: 1.52 कोटी कर्जाऊ, 50 लाख देणगीचे. हिशेब केलात तर सूट फार नव्हती हे कळेल. फायदा होता तो मुदत लांबण्यात, आणि सरकारचे हप्ते आता कायद्याने स्थापन झालेल्या स्थानिक विश्वस्त निधीकडे जाऊन त्यातला काही भाग देशातच संवर्धनावर खर्च होण्यात. बदल्यात सरकारने 30 टक्के समुद्र राखण्याचे वचन दिले.

त्या वचनाला जागा मिळाली ती सागरी आराखड्यात. काम 2014 ला सुरू झाले. टूनाचे पट्टे, तेलशोधाचे टापू, जहाजांच्या वाटा, कासवे-पक्ष्यांच्या विणीच्या जागा हे सारे एका नकाशावर आणून मच्छीमार, हॉटेलवाले, बंदरवाले यांच्याशी वाटाघाटी झाल्या. 2018 मध्ये राखीव समुद्राचा पहिला टप्पा जाहीर झाला, मार्च 2020 मध्ये उरलेला. एकूण सुमारे 4.1 लाख चौ. किमी. त्यातल्या साधारण निम्म्या भागात मासेमारी, तेल वगैरेंचा उपसा जवळजवळ बंद, उरलेल्यात अटींसह परवानगी. टप्प्याटप्प्याने जाणे मला शहाणपणाचे वाटते: कमी वादाचे भाग आधी ठरले आणि वादाच्या भागांना वेळ मिळाला.

2018 चे 1.5 कोटी डॉलरचे ‘निळे रोखे’ (समुद्राशी निगडित कामांसाठी काढलेले कर्जरोखे) बरेच गाजले. त्यांचा व्याजदर 6.5 टक्के होता. जागतिक बँकेची 50 लाखांची हमी आणि जागतिक पर्यावरण सुविधा (GEF) या आंतरराष्ट्रीय निधीचे 50 लाखांचे सवलतीचे कर्ज यामुळे देशावरचा भार 2.8 टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे बाहेरची टेकू होती म्हणून ते जमले. दुसऱ्या देशाने नक्कल करताना आधी ही हमी कोण देणार ते विचारावे. शिवाय परतफेड डॉलरमध्ये असते, हेही धरून चालावे.

सगळ्यात मोठी फट अंमलबजावणीत राहते. अल्दाब्रा हे प्रवाळबेट, जागतिक वारसास्थळ, माहेपासून हजारावर किलोमीटर दूर. तिथे गस्तीच्या इंधनाचाच खर्च डोईजड होतो. 2019 मध्ये तिथून 25 टन कचरा काढला, त्याला सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास खर्च आला, आणि पाचशेवर टन शिल्लक असल्याचा अंदाज निघाला. वजनाने बहुतेक कचरा मासेमारीची जाळी, दोर असा. हा भार सेशेल्सच्या नागरिकांनी का उचलावा? माझ्या मते त्याची रक्कम टूना पकडणाऱ्या परदेशी जहाजांच्या परवाना शुल्कात धरावी, आणि ते शुल्क सर्वसाधारण तिजोरीत मिसळू न देता गस्त व सफाईच्या वेगळ्या लेखाशीर्षात जमा करावे. तसे झाले आहे की नाही हे अर्थसंकल्पाच्या एका ओळीवरून कुणालाही तपासता येते.