हिंगातला मैदाही लेबलवर हवा

प्रश्न : बचत गटाच्या भाजणीचं लेबल आम्ही पूर्ण मराठीत छापलंय. चालेल ना? (सांगली)

नुसतं मराठी चालत नाही. एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. तिच्या जोडीला मराठी कितीही छापा. लिपी एकच असून मराठीला वेगळं काढलंय, हे मलाही खटकतं. पण आज नियम तसा आहे. तपशील इंग्रजीत द्या आणि ‘थालीपीठ भाजणी’ हे नाव मात्र ठळक मराठीतही ठेवा. गिऱ्हाईक तेच वाचून पाकीट उचलतं.

प्रश्न : मी शेंगदाण्याची चटणी आणि गोडा मसाला विकते. घटकांची यादी दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावरून घेतली तर? (नाशिक)

अजिबात नको. माझ्याकडे येणारी निम्मी चुकलेली लेबलं अशीच उतरवलेली असतात. बनवताना जे जास्त वजनाचं पडतं ते आधी, असा घटकांचा क्रम लागतो. शेंगदाण्यानंतर मिरची की लसूण, हे तुमचा तराजू सांगणार.

त्याखाली ॲलर्जीची वेगळी ओळ हवी : शेंगदाणे, दूध, सोयाबीन, काजू-बदाम, ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन) असलेली धान्यं यांपैकी जे असेल ते. चटणीतले शेंगदाणे कोणी विसरत नाही. फसायला होतं ते मसाल्यात. तुमची हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पूड हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे चिमूटभर हिंगासोबत मसाल्यात गहू गेला, आणि तो लेबलवर यायला हवा. तीळ आपल्या यादीत नाही. अमेरिकेत मात्र १ जानेवारी २०२३ पासून तोही सांगावा लागतो. तिकडच्या दुकानांत माल पाठवणार असाल तर लक्षात असू द्या.

प्रश्न : चिवड्यावर ‘बेस्ट बिफोर ३ महिने’ एवढं पुरेल? (कोल्हापूर)

नाही. उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख, दोन्ही लागतात. ‘बेस्ट बिफोर’ हवं तर जोडीला. आणि हे ३ महिने आले कुठून? एकाच घाण्याची दहा-बारा पाकिटं बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक फोडून वास घ्या. तेल कधी खवट होतं ते कळेल. पक्की मुदत ठरवायला प्रयोगशाळेत तपासून घ्या.

प्रश्न : तेल महागलं. जुन्या पाकिटांवर वाढीव एमआरपीचं स्टिकर लावू का? (पुणे)

नको. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापं आणि पाकीटबंद मालाच्या, २०११ च्या नियमांत किंमत कमी करणारं स्टिकर चालतं, तेही जुना आकडा न झाकता. वाढवणारं चालत नाही. नवी पाकिटं छापताना आणखी एक बघा : इंग्रजीत ग्रॅमचं चिन्ह म्हणजे फक्त छोटं ‘जी’. ‘जीएम’, ‘जीएमएस’ नाही. आणि वजन आतल्या मालाचं, पाकिटासकट नव्हे.

प्रश्न : आमची बर्फी सुटी विकतो. लेबलचा प्रश्नच नाही ना? (ठाणे)

लेबल नाही, पण पाटी आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेजवळ ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणं बंधनकारक आहे. बनवल्याची तारीख ऐच्छिक. खव्याची बर्फी आणि बेसनाचे लाडू यांना एकच तारीख लावू नका. खवा लवकर उतरतो.